बाईच्या नावावरची लाल गाडी

मी एक जुनी, लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. खरं तर आता मला गाडी म्हणवून घ्यायचा अधिकार राहिलेला नाही. माझं काय उरलं आहे ते शेवटी सांगेन, मित्रांनो. आधी एवढंच लक्षात ठेवा की मी जन्मापासून तापट. माझं इंजिन सुरू झालं की झाडावरचे पक्षी उडायचे आणि मला त्याचा फार गर्व वाटायचा.

माझा जन्मही काही मऊ हातांनी झालेला नाही. लोखंडी पत्रे दाबून, ठोकून, हजार ठिणग्यांनी डागून मला बनवलं. सगळ्या गाड्यांचं असंच असतं, पण बाकीच्या गाड्या ते विसरून सरळ चालू लागतात. मी विसरले नाही. पहिले दोन मालक सुरतचे होते. एकाने मला रुंद रस्त्यावर पळवलं, दुसऱ्याने नुसतं झाकून ठेवलं. मग शहादा तालुक्यातल्या कळसाडी गावचे सुपडू पाटील आपल्या मुलासाठी, भाग्येशसाठी, मला घेऊन आले.

पाटलांच्या घरी ऊस होता, कापूस होता, ट्रॅक्टर होता, एक साधी जीपही होती. माझ्यासारखी मात्र सबंध पंचक्रोशीत नव्हती. घेण्याआधी सुपडू पाटलांनी ज्योतिषाला विचारलं. त्याने पोराची पत्रिका पाहिली आणि मान हलवली. म्हणाला, वाहन याच्या नावावर लाभणार नाही, बापाच्याही नाही, आईच्या नावावर घ्या. झालं. चौथी शिकलेल्या शोभाबाईंनी कागदावर आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर जोडून लिहिलं आणि माझ्या पुस्तकात मालक म्हणून त्यांचं नाव चढलं. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली, घरात पेढे वाटले.

माझी मालकीण माझ्यात एकदाच बसली. मी एवढी ठेंगणी की बाई बसल्या आणि उठताच येईना. शेवटी दोन जावांनी दोन हात धरून त्यांना ओढून काढलं. बाई स्वतःच हसत होत्या. त्यानंतर त्या कधी बसल्या नाहीत. माझ्यावर कोंबड्या चढल्या तर त्या हाकलायच्या, तेवढंच आमचं नातं.

भाग्येशची गोष्ट वेगळी. तो मला स्वतःच्या हाताने धुवायचा, घरातल्या गड्याला हात लावू द्यायचा नाही. मला तो आवडायचा, हे आज कबूल करायला लाज वाटते, पण आवडायचा. त्याने पाय दाबला की मी उधळायचे. रस्त्यावरचे गतिरोधक माझं पोट खरवडून काढायचे, कधी कुत्रं आडवं यायचं, एकदा एक शेळी आली. शेळी वाचली नाही. भाग्येशने पुसून टाकलं आणि मी पुन्हा चकाकले. ब्रेक त्याने दाबला नाही हा त्याचा दोष, पण पळायला मी तरी कधी नको म्हटलं?

त्या दिवशी आम्ही सुरतेहून नवे टायर घालून परत येत होतो. दुपारची वेळ, धानोरा गाव जवळ आलेलं. भाग्येशने एका हातात स्टिअरिंग धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर माझ्या वेगाच्या काट्याचं चित्रण चालवलं होतं. काटा कुठवर चढतो ते त्याला मित्रांना दाखवायचं होतं. समोर ओढ्यावरच्या मोरीचा कठडा होता. कठड्याला लागून एक माणूस सायकल हातात धरून चालला होता, मागे गवताचा भारा बांधलेला. त्याचं नाव नथ्थू, हे मला नंतर कळलं.

भारा उडाला, सायकल माझ्या काचेवर आली, आणि नथ्थूचा उजवा पाय माझ्या तोंडात आणि मोरीच्या दगडात सापडला. मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तरी हाड मोडतं तेव्हाचा आवाज मला अंगभर ऐकू आला. मी थांबले कारण दगडाने मला थांबवलं. नथ्थू ओरडला नाही. त्याने माझ्या बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि मला ढकलू लागला.

मग माणसं आली. शेतातून आली, टपरीवरून आली, ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन आली. आधी सगळ्यांनी मिळून मला मागे ओढलं, नथ्थूला टेम्पोत घातलं आणि टेम्पो नंदुरबारच्या दवाखान्याकडे गेला. तो दिसेनासा होईपर्यंत कोणी भाग्येशकडे पाहिलंही नाही. त्यानंतर पाहिलं. फुटलेल्या काचेतून त्याला बाहेर खेचलं. लाथा, बुक्क्या, चपला. त्याचे पुढचे दोन दात माझ्याच दारावर पडले. बैलाच्या दाव्याने त्याला विजेच्या खांबाला बांधलं. मला दगडांनी ठेचलं, कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने माझे दोन्ही दिवे फोडले. मला राग आला नाही. मार खाताना राग यायला आपण निर्दोष असावं लागतं.

एका म्हाताऱ्याने सगळ्यांना आवरलं. मालकाला बोलवा, मग काय ते ठरवू, असं तो म्हणाला. कोणीतरी माझ्या कप्प्यातून कागद काढला आणि मोठ्याने वाचला. शोभाबाई सुपडू पाटील. लोक एकमेकांकडे बघू लागले. बाईची गाडी, मग बाईच आली पाहिजे, असं ठरलं.

पाटील नवराबायको त्या दिवशी लग्नासाठी नंदुरबारलाच होते. अर्ध्या तासात जीप आली. लग्नातल्या जरीच्या लुगड्यात शोभाबाई उतरल्या. खांबाला बांधलेला आपला मुलगा त्यांनी पाहिला आणि त्या तिकडे धावल्या, पण वाटेत मी होते आणि माझ्यासमोर एक बाई जमिनीवर बसली होती. ती नथ्थूची बायको, फुलवंताबाई. ती शेतातून पोहोचली तोवर टेम्पो निघून गेला होता आणि दुसरी गाडी यायची होती. माझ्या मोडक्या पत्र्यात नथ्थूची एक चप्पल अडकली होती, ती ओढून काढत होती. चप्पल निघाल्यावर तिने मान वर केली.

"गाडी तुन्ही शे ना?" नवऱ्याची चप्पल पुढे धरून ती म्हणाली. "मंग याना पाय तूच भरी दे."

त्या दिवसापर्यंत ज्या वस्तूला शोभाबाईंनी कधी आपलं म्हटलं नव्हतं, ती सगळ्या गावासमोर त्यांची झाली होती.

पंच बसले. पोलिसात जायचं नाही, दवाखान्याचा सगळा भार पाटलांनी उचलायचा, असं मिटलं आणि भाग्येशला खांबावरून सोडलं. नथ्थूचा पाय मांडीपासून कापावा लागला. सुपडू पाटलांनी शब्द पाळला, तेवढं श्रेय त्यांच्या पदरात टाकायला हवं. मात्र स्वतः ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. शोभाबाई मात्र दर आठवड्याला एसटीने जायच्या, आधी दवाखान्यात, पुढे नथ्थू घरी आल्यावर धानोऱ्याला. भाकरी आणि भाजीचा डबा न्यायच्या. फुलवंताबाई डबा घ्यायची, रिकामा परत द्यायची, बोलायची नाही. भाग्येशने नवे दात बसवले. त्या माणसाबद्दल त्याने घरात एकदाही विचारलं नाही.

गाडी लाभली नाही, विकून टाकू, असं सुपडू पाटलांनी ठरवलं. पण असली गाडी कोण घेणार? म्हणून मला गावाबाहेरच्या एका गॅरेजात टाकलं. तिथे जे झालं ते मारापेक्षा वाईट होतं. मला साखळीने खांबाला बांधून पुढून ओढलं, माझं मोडकं तोंड गॅसच्या आगीने कापून काढलं आणि माझ्यासारख्याच एका मेलेल्या गाडीचं तोंड आणून मला डागून जोडलं. भेगांवर बोट बोट जाड लांबी, म्हणजे रंगाऱ्याचा लगदा, भरली, घासली, वरून लाल रंग मारला. मी आरशासारखी दिसू लागले. आत मात्र माझी मान तुटलेलीच होती.

मिस्तरी मला पोहोचवायला कळसाडीला आला तेव्हा ओट्यावर बसून त्याने पाटलांना साफ सांगितलं. गावात फिरवायला हरकत नाही, पण घाटात नेऊ नका. उतारावर जोराचा ब्रेक लागला तर हे तोंड जागेवर राहील असं आपण लिहून देणार नाही, असं तो म्हणाला. शोभाबाई त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. सुपडू पाटलांना वाटलं, बायकांना यातलं काय कळतं.

मग माझी जाहिरात निघाली. दलाल नको, घरच्या घरी विकू, म्हणून बापलेकांनी मला कापसाच्या शेताकडेला उभं करून फोटो काढले आणि मोबाइलवर टाकले. खाली लिहिलं, 'घरची गाडी. बाईमाणसाच्या नावावर. अपघात नाही. एक ओरखडा दाखवा.' बाईचं नाव घातलं की घेणाऱ्याला वाटतं गाडी जपून चालवलेली आहे, ही भाग्येशची युक्ती. मला ते ऐकून गुदगुल्या झाल्या, हे खोटं का सांगू? मला पुन्हा रस्ता हवा होता.

गिऱ्हाइकं आली. कोणी टायरला लाथ मारून बघितली, कोणी दार दहा वेळा आपटलं. एकाने माझ्या बदल्यात म्हशी देऊ केल्या, तेव्हा माझा असा काही अपमान झाला की म्हशींबद्दल अजून मनात राग आहे. शेवटी नवापूरकडून दोघे आले, सॅम्युअल गावित आणि त्यांचा मुलगा जोएल. सॅम्युअल म्हणजे निवृत्त एसटी ड्रायव्हर, केस पांढरे, हात पाटीसारखे रुंद. जोएलला मी लग्नात भाड्याने द्यायला हवी होते. फुलं लावायची, नवरानवरी बसवायची आणि मिरवायची. सगळ्यात आधी मी त्याच्या बहिणीच्या, ग्रेसीच्या लग्नात जाणार होते. लग्न पुढच्याच आठवड्यात होतं. नवरामुलगा पिंपळनेरकडचा, म्हणजे चर्चमधून निघून चरणमाळचा घाट ओलांडून नवरीला सासरी न्यायची.

घाट हा शब्द ऐकला आणि ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या शोभाबाईंचा हात थांबला.

जोएलने मला कालव्याच्या रस्त्यावर फिरवून आणलं. तो हळू चालवणारा मुलगा. माझी मान थरथरत होती, पण त्याला ते जाणवलं नाही. परत आलो तेव्हा सॅम्युअल माझ्याभोवती फिरले आणि बोटाच्या गाठीने मला टकटक वाजवू लागले. दार वाजलं पत्र्यासारखं. पुढचा भाग वाजला भिंतीसारखा. म्हाताऱ्याने तिथे पुन्हा एकदा वाजवून पाहिलं.

सुपडू पाटलांनी नाव बदलायचे कागद माझ्या बॉनेटवर पसरले आणि शोभाबाईंना सहीसाठी हाक मारली. भाग्येशने पेन उघडून आईच्या हातात दिलं. तेव्हा सॅम्युअल पुढे झाले.

"ताई, चौतीस वर्षं एसटी चालवली मी," ते म्हणाले. "गाडी घेताना कागदाला नाही विचारत, मालकाला विचारतो. ही कुठे आदळली आहे का?"

सुपडू पाटील हसले. "तिले काय इचारतस? घरमा बसनारी बाई शे ती."

"मी ताईंना विचारलं," सॅम्युअल म्हणाले.

भाग्येश आईच्या कानाशी वाकला आणि दात आवळून म्हणाला, "माय, सही कर. बोलू नको."

शोभाबाईंनी पेनचं टोपण लावलं आणि पेन माझ्या बॉनेटवर ठेवलं. "धानोराले एक मानूसना पाय गया या गाडीखाल," त्या म्हणाल्या. "तोंड कापीसन जोडेल शे. घाटमा नका लई जावा."

सुपडू पाटलांचा हात उठला. एवढी जोरात थप्पड बसली की शोभाबाई माझ्यावर येऊन आदळल्या आणि त्यांच्या बांगड्या माझ्या रंगावर फुटल्या. जोएल पुढे धावला, बापाने त्याला अडवलं. पाहुण्यांसमोर बायकोवर हात टाकला याची लाज वाटून पाटील आणखी चिडले आणि ती वेडी झाली आहे, तिचं ऐकू नका, असं ओरडू लागले. शोभाबाई सरळ झाल्या. ओठातून रक्त येत होतं.

"गाडी मन्हा नाववर शे," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिखं फोनमा, बाईनी गाडी शे म्हनीसन. मंग बाईच सांगी."

त्या गोठ्यात गेल्या आणि पहार घेऊन आल्या. मला वाटलं नवऱ्यावर जातील. त्या माझ्याकडे आल्या. पहिला घाव माझ्या डाव्या गालावर बसला आणि लांबीचं ढेकूळ खाली पडलं. दुसऱ्या घावाने आणखी पडलं. तिसऱ्या घावाला जोड उघडा झाला, काळा, जळका, वेडावाकडा. जोएलने वाकून त्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं. त्याचा चेहरा उतरला, कारण त्याला माझ्यात बसलेली बहीण दिसली असणार.

तरी बाई थांबेनात. दिवा फुटला, काच फुटली, पत्रा उडून त्यांचा तळहात चिरला. माझ्यावर आजवर पुष्कळ घाव पडले, मित्रांनो, पण हे घाव मला हवेसे वाटले. कारण त्या तोंडाने घाटात काय केलं असतं ते मला माहीत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. माझ्यासाठी त्या बोलत होत्या.

भाग्येशने झडप घालून पहार हिसकावली. दोघांची ओढाताण झाली, आई खाली पडली. त्याने पहार डोक्यावर उचलली. ती आईवर पडणार की माझ्यावर, हे त्यालाही ठाऊक नव्हतं, मी त्याचे डोळे पाहत होते. सॅम्युअलनी त्याच्या मनगटाला हात घातला आणि तसाच वर धरून ठेवला. म्हाताऱ्याच्या पकडीत ते मनगट हलेना. भाग्येशला खाली बसलेली आई दिसली, तिच्या हातातून मातीवर ठिबकणारं रक्त दिसलं. हळूहळू त्याची बोटं सुटली. पहार दगडावर पडून वाजली.

मग त्याने विचारलं, "माय, तो मानूस आते काय करस?"

"खाटवर बसेल ऱ्हास," शोभाबाई म्हणाल्या. "दिनभर."

त्या पोराला हुंदका फुटला. लहान मूल रडतं तसा तो माझ्या फुटलेल्या दिव्यापाशी बसून रडला. सुपडू पाटील कागद न उचलताच आत निघून गेले. सॅम्युअलनी आपला रुमाल शोभाबाईंच्या हाताला घट्ट बांधला आणि ग्रेसीच्या लग्नाला या, एवढं सांगून बापलेक आले तसे एसटीने परत गेले. ग्रेसी साध्या जीपमधून सासरी गेली आणि सुखरूप पोहोचली. शोभाबाई त्या लग्नाला गेल्या होत्या, म्हणून मला कळलं.

मला कोणी विकत घेणार नव्हतं आणि शोभाबाई विकू देणारही नव्हत्या. मी भंगारात जायचं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी भाग्येश पाना घेऊन आला आणि त्याने माझी डावी सीट पट्ट्यासकट सोडवली. सुताराकडून तिला सागाचे चार भक्कम पाय लावून घेतले. मग ती जीपमध्ये टाकून तो एकटाच धानोऱ्याला गेला.

तेव्हापासून मी तेवढीच आहे. बाकीचं अंग वितळून कशाकशात गेलं असेल, मला माहीत नाही.

धानोऱ्याच्या लोकांनी त्याला लगेच ओळखलं. एकाने येऊन त्याच्या कानाखाली वाजवली. भाग्येशने गाल चोळला नाही की मान वर केली नाही. मला डोक्यावर घेऊन तो नथ्थूच्या अंगणापर्यंत चालत गेला आणि कडुनिंबाखाली मला टेकवलं. नथ्थू खाटेवर होता. त्याने माझा लाल रंग ओळखला.

"हाई तीच शे का?" त्याने विचारलं.

"तीच शे," भाग्येश म्हणाला.

नथ्थूने कितीतरी वेळ मला पाहिलं. मला वाटलं, चुलीत घाला म्हणेल, आणि म्हटलं असतं तर ते योग्यच होतं. मग त्याने कुबडी मागितली, उठला, माझ्यापर्यंत आला आणि त्याच हातांनी, ज्या हातांनी त्याने मोरीवर मला ढकललं होतं, माझी पाठ चाचपली. आणि बसला. भाग्येशला त्याने बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. भाग्येश उभाच राहिला. आता दर आठवड्याचा डबा तो आणतो. फुलवंताबाई त्याच्याशीही बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरची एखादी गाडी विकायला निघाली आणि घेणाऱ्याने विचारलं, की ही कुठे आदळली आहे का, तर अंगणात जो गप्प उभा असेल त्याच्याकडे बघा. आणि तो गप्प उभा असलेला तुम्हीच असाल, तर सांगून टाका. थप्पड बसेल. ती बसलेली मी पाहिली आहे आणि तरी हेच सांगते आहे. माझ्यासारख्या वस्तू स्वतःबद्दल बोलू शकत नाहीत, आम्हाला नुसता रंग मारता येतो.

आता दुपार होत आली आहे. नथ्थू जेवून इकडेच येईल. सावली सरकली आहे आणि उन्हाने माझं लाल कातडं तापलं आहे. ते त्याच्या अंगाला भाजेल म्हणून फुलवंताबाई माझ्यावर ओलं गोणपाट टाकते आहे. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. मला तेवढं पुरतं.